टेबलाच्या पलीकडची हिरा

शेजारचे खैरनारकाका मुंबईहून छातीत फुगा घालून आले, तेव्हा नाशिकच्या सिडकोतली आमची अख्खी लेन त्यांना बघायला गेली होती. मी पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला होते. काका पलंगावर पाय लांब करून बसले होते, उशाशी मोसंब्यांचा ढीग, आणि काकू दारात उभ्या राहून प्रत्येकाला बजावत होत्या, की मोठ्याने बोलू नका, दचकवू नका. त्यांची पक्की समजूत होती की फुगा अजून आत आहे आणि दणका बसला तर फुटेल. लेनमधल्या पोरांना फटाके वाजवायला बंदी झाली. काका मात्र खुशीत होते. मूळचे सटाण्याकडचे, आणि आनंद झाला की त्यांची भाषा तिकडची व्हायची. छातीवर हात ठेवून म्हणायचे, "आते कसं शे, एकदम मोकळं!" सगळे माना डोलवत होते. माझ्या डोक्यात मात्र भलतंच. मी विचारलं, "काका, तो फुगा आत गेला, फुगला, नस उघडली, ते कळलं. पण एवढा फुगलेला फुगा बाहेर कसा आला?" "आते ते डॉक्टरले इचार ना पोरी, मी ते झोपेल व्हतू!" सगळे हसले. घरी आल्यावर आईने मला झापलं, की आजारी माणसाला असले प्रश्न विचारतात का. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात जो घुसला, तो पुढची तीस वर्षं निघाला नाही. माझं सगळं आयुष्य त्या एका भोचकपणावर उभं आहे असं म्हटलं तरी चालेल.

आमचं घर म्हणजे दीड खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. अप्पा सातपूरला एका कारखान्यात टर्नर होते. सकाळी भोंगा वाजायच्या आधी त्यांची सायकल फाटकाला आपटायची, कारण ते फाटक कधी नीट उघडायचंच नाही, आणि टर्नर असूनही त्यांनी त्याची बिजागरी कधी बदलली नाही. आई वाती वळायची. साध्या, फुलवाती, जोडवाती, आणि चातुर्मासात लक्ष वातींचा नेम धरलेल्या बायकांसाठी ढिगाने. पंचवटीतली पूजासाहित्याची दुकानं तिच्या वाती डोळे झाकून घ्यायची. घरात कुठेही बसा, कापसाचे तंतू कपड्याला लागायचेच. पाट उपडा घालून आई त्यावर पिंजलेल्या कापसाचा बारीक पुंजका ठेवायची, राखेत बोट टेकवायची आणि तळवा आपल्यापासून पलीकडे सरकवायची. एक सर्र असा आवाज, आणि वात तयार. बोलता बोलता, रेडिओ ऐकता ऐकता, मला शिव्या देता देता. सोमवारी तिचा उपवास असायचा, म्हणजे घरात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. ती आमटी अशी काही दाटसर, आंबट-तिखट व्हायची, की अप्पा उपवास न करताही सोमवारी डबा न्यायचे नाहीत, दुपारी सायकल दामटत घरी यायचे. माझ्या जिभेला आजही आनंद झाला की भगर-आमटीच लागते. पेढे-बिढे आपल्याला कळत नाहीत.

डिप्लोमा झाला आणि मी अंबडला मोघेसाहेबांच्या युनिटमध्ये लागले. तिथे सलाईनच्या नळ्या बनायच्या. मोघेसाहेब उंच, सडपातळ, सदा घाईत, शर्टाच्या खिशाला चार पेनं आणि चारांपैकी एकही चालत नसे. परदेशात काही वर्षं काढून आले होते आणि त्यांना एकच ध्यास होता, की हृदयाची नस उघडणारा फुगा नाशकात बनवायचा. मुलाखतीत त्यांनी मला विचारलं, तुला यातलं काय माहीत आहे? मी म्हटलं, "काही नाही साहेब, पण तो बाहेर कसा येतो हे मला जाणून घ्यायचं आहे." साहेब खुर्चीतून उठले. खरंच उठले! म्हणाले, "अगं, आत कसा जातो हे सगळे विचारतात. तू उद्यापासून ये."

त्यांनी मागची एक खोली पांढरीशुभ्र रंगवून घेतली होती, एसी लावला होता, आणि तिला सगळे फुग्याची खोली म्हणायचे. तिथले पहिले सहा महिने म्हणजे नुसती फटाफट. बारीक नळीचा तुकडा काचेच्या साच्यात घालायचा, गरम करायचा, दोन्हीकडून ताणायचा आणि आत हवा सोडायची. उष्णता जरा जास्त झाली की फट्. कमी झाली की फुगा एका बाजूला पोट सुटल्यासारखा. साच्यातून धड निघालाच, तर पाण्याच्या टाकीत बुडवून फुटेपर्यंत दाब द्यायचा आणि कितव्या दाबाला फुटला ते लिहायचं. तिथेही फट्! बाहेर सलाईनच्या मशीनवरची माणसं आवाज मोजायची आणि जेवणाच्या सुट्टीत मला विचारायची, "काय मॅडम, आज किती लवंगी?" मी चिडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. मग एक दिवस साच्यातून असा फुगा निघाला, की तो हातात घेऊन मी नाचलेच. बोटाच्या पेराएवढा लांब, उदबत्तीएवढा जाड, काचेसारखा स्वच्छ. टाकीत घातला. दाब वाढतोय, वाढतोय, काटा आमची खूण ओलांडून गेला, आणि फुगा तसाच. ठरलेल्या मापापेक्षा केसभरही जास्त फुगला नाही. हीच तर त्याची खुबी. वाढदिवसाचा फुगा फुंकाल तितका फुगतो, हा ठरलेल्या मापाला येऊन थांबतो, नाहीतर नसच फाटेल. मोघेसाहेब टाकीवर वाकले होते, त्यांची चारही पेनं पाण्यात पडली, आणि आम्ही दोघं येड्यासारखे हसत होतो.

पण फुगा झाला म्हणजे काम झालं नव्हतं. उदबत्तीएवढा फुगा नसेत घालायचा तर आधी तो दाभणाएवढा बारीक व्हायला हवा. म्हणजे त्यातली हवा ओढून घ्यायची, त्याच्या तीन पाकळ्या करायच्या आणि त्या पाकळ्या मधल्या दांडीभोवती एकाच दिशेने गुंडाळायच्या, मिटलेल्या छत्रीसारख्या. मग वरून बारीक नळीचं टोपण चढवून गरम करायचं, म्हणजे घडी पक्की बसते. डॉक्टर तो आत नेतात, फुगवतात, पुन्हा रिकामा करतात, आणि बाहेर ओढताना दांडीला हलकासा उजवीकडे पीळ देतात. घडी नीट बसलेली असेल तर पाकळ्या आपल्या जुन्या मोडीवर पुन्हा गुंडाळल्या जातात आणि फुगा आला तसा परत निघतो. हे होतं खैरनारकाकांच्या फुग्याचं रहस्य! कळलं त्या दिवशी मी काकांच्या घरी पळत गेले आणि त्यांना रुमालाची घडी करून दाखवली. काकूंनी पहिल्यांदा सुटकेचा निःश्वास सोडला, कारण फुगा आत नाही हे त्यांना तेव्हाच पटलं.

ती गुंडाळी काही केल्या जमत नव्हती. आम्ही चिमट्याने करायचो आणि चिमट्याने फुग्याला टाचणीएवढं भोक पडायचं. बोटांनी केलं तर पाकळी सुटायची. एका सोमवारी मी भगरीचं ताट पुढे घेऊन रडकुंडीला आले होते, आणि समोर आई वाती वळत होती. सर्र. सर्र. मी घास तोंडात धरून बघत बसले. कापसाच्या त्या पुंजक्याला चिमटा लागत नव्हता, जोर लागत नव्हता, बोटाच्या पेराखाली तो आपोआप गुंडाळला जात होता. दुसऱ्या दिवशी मी एक टाकाऊ फुगा घरी आणला. आईने तो उलटासुलटा बघितला, म्हणाली, "हे काय, साप टाकतो ती कात का?" आणि पाटावर ठेवून, बोट टेकवून, पलीकडे लोटला. सर्र. दाभणासारखा गोल, घट्ट, कुठे भोक नाही. मी ओरडलेच. अप्पा न्हाणीघरातून साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आले.

मोघेसाहेबांनी आईला कामावर बोलावलं. "काकू, तुम्ही या, शिकवा." आई तयार झाली, पण बांगड्यांवर अडलं. त्या खोलीत बांगड्या, अंगठ्या चालत नाहीत. आईने साफ सांगितलं, "हिरवा चुडा उतरवून मी कुणाच्या नसा उघडायला येणार नाही." साहेब डोकं खाजवत राहिले. शेवटी आईनेच मनगटापासून कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीचं घट्ट वेटोळं बांधलं, वर हातमोजे, वर बाह्यांचा अंगरखा, डोक्याला टोपी. आरशात बघून म्हणाली, "मी आता शैलाची आई दिसतच नाही." पण तिला ते आवडलं होतं. तिच्या जोडीला साहेबांनी सलाईनच्या नळ्यांवरून हिराला आणलं. हिरा हरसूलकडची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, सातपूरला चुलतबहिणीकडे राहायची. आईला मावशी म्हणायची आणि सोमवारी तिच्या डब्यातली आमटी चाटूनपुसून खायची. कमी बोलायची, पण नजर अशी की फुग्यावरचा धुळीचा कण भिंगाशिवाय दिसायचा. नागलीची रोपं लावणारे तिचे हात. आईने तिला आठ दिवसांत वात शिकवली आणि पंधरा दिवसांत फुगा. "शैले, ही पोरगी माझ्याहून हलकी वळते," असं आई मला दोनदा म्हणाली. मी हसून सोडून दिलं.

आता माझ्या पराक्रमाकडे येते. फुगा धरून ठेवायला मी एक साचा काढला. माझं पहिलं स्वतंत्र डिझाईन! लांब टेबल, टेबलाच्या डोक्याशी खिडकी, आणि दोन बाजूंना दोन साचे, आईसाठी अलीकडे, हिरासाठी पलीकडे. दोघी समोरासमोर. दोन्ही साच्यांत फुग्याचं टोक खिडकीकडे, कारण उजेड तिकडून आणि मला भिंगातून टोक तपासायला सोपं जावं. अप्पांनी ते साचे स्वतःच्या हाताने वळवून दिले होते. मी नकाशा काढला, त्यावर बोटाची आकृती काढली, एक बाण काढला आणि खाली ठसठशीत लिहिलं, 'पाकळ्या आपल्यापासून पलीकडे लोटणे.' आई जशा वाती वळायची तसंच. चुकायला जागाच नव्हती, असं मला वाटत होतं. नकाशा भिंतीवर लावला आणि येता-जाता मीच त्याच्याकडे बघायचे. आज सांगताना कान गरम होतात.

साहेबांनी फुगे दाखवायला बोलावलेले डॉक्टर आले ते दहीभाताचा डबा घेऊन. मोठे हृदयविकारतज्ज्ञ, पण स्वभावाने अगदी साधे, बोलणं मोजकं. कुणा माणसावर वापरायच्या आधी त्यांना फुगे काचेच्या नसेत वापरून बघायचे होते. टेबलावर वाकड्यातिकड्या काचेच्या नळ्यांचं एक हृदय मांडलं होतं, त्यातून कोमट पाणी वाहत होतं. आमचे बारा फुगे, सहा आईचे, सहा हिराचे, प्रत्येकावर माझ्या अक्षरात आकडा. पहिला आत गेला, फुगला, रिकामा केला, डॉक्टरांनी उजवीकडे हलका पीळ दिला, आला बाहेर. माझी छाती फुगून आली. दुसरा अडकला. बाहेर येताना नळीच्या तोंडाशी पाकळ्या फेंदारल्या आणि बसला रुतून. डॉक्टरांनी पुन्हा पीळ दिला, तो आणखीनच फेंदारला. शेवटी बारापैकी सहा आले, सहा अडकले. डॉक्टर कधी आवाज चढवायचे नाहीत, तेव्हाही नाही. हातमोजे काढत म्हणाले, "मोघे, आत नेणं कुणालाही जमतं. माझ्या हातातला फुगा बाहेर यायचा राहिला, तर मी त्या माणसाच्या बायकोला काय सांगू? पंधरा दिवसांनी एकदा येतो. मग नाही." ते गेल्यावर साहेबांनी मला आकडे वाचायला सांगितलं. मी वाचले. अडकलेले सहाच्या सहा हिराचे.

खोलीत सगळे हिराकडे बघायला लागले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण घाबरलेला माणूस कुणाचं ऐकत नाही. पंधरा दिवसांत जमलं नाही तर फुग्याची खोली बंद करून तिथे सलाईनचं दुसरं मशीन बसवायचं, हे भागीदारांनी त्यांना बजावलं होतं. त्यांनी हिराला सांगितलं, "तू पुन्हा नळ्यांवर जा. तुझ्या हाताला हे वळण नाही." हिरा माझ्याकडे बघत होती. तिचे सगळे फुगे मीच भिंगाखाली बघून पास केले होते. तिची घडी आईपेक्षाही गोल असायची, हे मला माहीत होतं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "हाताहाताचा फरक असतो, साहेब." बस्स. एवढंच. हिराने टोपी काढली, घडी करून टेबलावर ठेवली आणि गेली. नळ्यांवरही गेली नाही, दुसऱ्या दिवशी कळलं की ती गावी निघून गेली. आई त्या संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. ताट वाढलं, पण आमटी पुन्हा घालू का, हे विचारलं नाही. आमच्या घरात याहून मोठी शिक्षा नव्हती.

मग पुढचे आठ दिवस आई एकटीच फुगे वळत होती आणि मी एकेक काचेत घालून बघत होते. सगळे येत होते. साहेबांचा जीव भांड्यात पडत चालला होता. नवव्या दिवशी आई म्हणाली, "एसीचं वारं नेमकं माझ्या गुडघ्यावर येतंय, मी पलीकडे बसते." आणि हिराच्या खुर्चीवर जाऊन बसली. चार फुगे वळले. मी पहिला काचेत घातला, फुगवला, रिकामा केला, उजवीकडे पीळ दिला, ओढला. अडकला! दुसरा, अडकला. चारही अडकले. मी आईला म्हटलं, "आज तुझं लक्ष कुठे आहे?" झालं! आईने हातमोजे काढून टेबलावर आपटले. "लक्ष? मला विचारतेस? चाळीस वर्षं वाती वळतेय मी! उद्या म्हणशील, माझ्याही हाताला वळण नाही!" आणि ते वाक्य बोलून ती थांबली. मीही थांबले. आम्ही दोघींनी एकाच वेळी त्या खुर्चीकडे बघितलं.

मी बाहेर धावत जाऊन पेपर आणला, त्याची एक कड लाल पेनने रंगवली, टोक खिडकीकडे करून आईच्या पहिल्या खुर्चीपुढे ठेवला आणि पलीकडे लोटत गुंडाळला. मग दुसरा पेपर पलीकडच्या बाजूने, तोही टोक खिडकीकडे करून, तोही आपल्यापासून पलीकडे. दोन्ही सुरळ्या उचलून खिडकीकडचं टोक तोंडासमोर धरलं. एकीची लाल कड एकीकडे फिरत होती, दुसरीची बरोब्बर उलट! अरे देवा! समोरासमोर बसलेल्या दोघींचं 'आपल्यापासून पलीकडे' एकमेकींच्या उलट असणारच. एकीच्या उजव्या हाताला खिडकी, दुसरीच्या डाव्या. वातीला टोक नसतं, ती कशीही वळा, तेल पिते आणि जळते. म्हणून आईच्या आयुष्यात हा फरक कधी आलाच नव्हता. फुग्याला मात्र टोक असतं आणि डॉक्टरांचा पीळ उजवीकडेच असतो. हिराचे फुगे डाव्या घडीचे होते, डॉक्टर पीळ द्यायचे तो त्यांना आणखी उलगडायचा. तिने नकाशात लिहिलं होतं ते अक्षर न् अक्षर पाळलं होतं. आणि मी भिंगातून इतके दिवस नुसता घट्टपणा बघत होते, दिशा एकदाही बघितली नाही. बाण मी काढला होता आईच्या खुर्चीवर बसून.

मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या आणि त्याच वेळी हिराने घडी करून ठेवलेली टोपी डोळ्यांपुढून हलत नव्हती. दोन्ही खरं. हे कोडं मी सोडवलं होतं, आणि घातलंही मीच होतं. आई माझ्या हातातल्या सुरळीकडे बघत म्हणाली, "आता तोंड वर करून बघतेस काय? हरसूलची एसटी सकाळी लवकर असते." बस्स, एवढंच म्हणाली.

बाजाराचा दिवस होता. त्र्यंबक सोडल्यावर रस्ता जो वळणं घेत जातो, त्या प्रत्येक वळणावर मी काय बोलायचं ते ठरवलं आणि पुढच्या वळणावर विसरले. हरसूलच्या बाजारात खुरासणीच्या ढिगांतून, कोंबड्यांच्या टोपल्यांतून वाट काढत मी हिराला शोधलं. ती आईबरोबर वरईचं पोतं पुढे ठेवून बसली होती. म्हणजे आमच्या सोमवारच्या भगरीसमोरच! तिची आई बारकीशी, कपाळावर गोंदण. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हिराला विचारलं, "हीच का गं ती?" मी जमिनीवरच बसले, पर्समधून पेपर काढला आणि सुरळ्या करून दाखवल्या. शब्द चुकत होते. "हिरा, चूक तुझ्या हाताची नव्हती. माझ्या टेबलाची होती. आणि मला शंका यायला हवी होती, आणि मी गप्प बसले. माझी चूक आहे." हिराने सुरळी हातात घेतली, टोकाकडून बघितली, उलटी करून बघितली. तिला कळायला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला. मग मात्र ती फुटली. "आठ दिस मी इथं हात बघत बसले, म्याडम! रात-दिस! म्हटलं माझ्याच हाताला काय झालंय का. आईला सांगितलं, माझ्या हातचा फुगा अडकतो, मी नाय जाणार. आन् तुझं टेबलच उलटं!" ती मला नेहमी शैलाताई म्हणायची. म्याडम पहिल्यांदाच म्हणाली. मी रडले, भर बाजारात, वरईच्या पोत्याशेजारी. एक म्हातारबा थांबून, वरई महाग झाली का, असं विचारून गेले.

हिराने अटी घातल्या. पहिली, हे सगळं सगळ्यांच्या समोर बोलायचं, डॉक्टरांच्याही. दुसरी मला अजून जशीच्या तशी आठवते. ती म्हणाली, "मी त्याच खुर्चीवर बसन. खुर्ची नाय बदलायची. तुझा साचा फिरव."

फिरवला. अप्पांनी रविवारी येऊन तो साचा उलटा बसवला, टोक खिडकीकडून दाराकडे, हिराच्या उजव्या हाताला, आणि उजेडासाठी वर एक दिवा लावला. काम करताना एवढंच म्हणाले, "शैला, माणूस कुठे बसलाय ते नकाशात दाखवायला शिक." पुढे माझ्या हाताखाली कितीतरी पोरं-पोरी तयार झाली. आता तर पाकळ्या गुंडाळायला यंत्रं आहेत, पोलादी जबडे क्षणात घडी घालतात. पण माझ्या प्रत्येक नकाशात मी कोपऱ्यात एक छोटासा डोळा काढते, बघणारा कुठून बघतोय ते सांगायला. नवी पोरं हसतात. हसू देत.

डॉक्टर ठरल्या दिवशी आले. या वेळी डबा नव्हता, घाईत होते. काचेचं हृदय मांडलं, पाणी सुरू झालं. मी पुढे झाले आणि म्हटलं, "डॉक्टर, आधी मला एक सांगायचं आहे." मोघेसाहेबांचा चेहरा पडला. साचा बदललाय, हिराला परत बसू द्या, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं, सगळं सांगितलं असतं तर त्यांनी मला थांबवलं असतं. मी भिंतीवरचा माझा नकाशा काढून आणला, बाण दाखवला, दोन सुरळ्या दाखवल्या. "मागच्या वेळी सहा अडकले ते माझ्या नकाशामुळे. हिराने नकाशा तंतोतंत पाळला. तिला काढलं तेव्हा मी गप्प बसले." डॉक्टरांनी माझ्या हातातली सुरळी घेतली, टोकाकडून बघितली, आणि पहिल्यांदाच हसले. म्हणाले, "आज सगळे हिराबाईंचेच फुगे द्या."

साहेब चपापले, आमच्याकडे तिचे सहाच होते, बाकीचे आईचे. आई चटकन म्हणाली, "सहा पुरेत. माझे काय बघायचे!" पहिला आत गेला. फुगला. रिकामा केला. डॉक्टरांचं मनगट उजवीकडे वळलं, अगदी थोडं, कुलपात किल्ली फिरते ना, तेवढं. काचेत पाकळ्या मिटताना दिसल्या, एक, दोन, तीन, आणि फुगा नळीच्या तोंडातून असा सुर्रकन बाहेर आला, की डॉक्टरांचा हात मागे गेला. दुसरा आला. तिसरा आला. चौथ्याला डॉक्टरांनी मुद्दाम सगळ्यात वाकड्या वळणात नेलं, तिथूनही आला. सहावा आला तेव्हा मोघेसाहेब खिशातलं न चालणारं पेन काढून कशावर तरी सही करायला निघाले होते, काय ते त्यांनाही माहीत नव्हतं. आईने पट्टीतल्या बांगड्या वाजतील इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं, आणि मी दोन्ही केलं.

हिरा मात्र जागेवरून हलली नव्हती. आपल्या त्याच खुर्चीवर, टेबलाच्या पलीकडे. सगळ्यांचं बोलणं थांबल्यावर ती उठली, ताटलीतला तो सहावा ओला फुगा तिने दोन बोटांनी उचलला आणि साहेबांना विचारलं, "ह्यो मी घरी नेऊ का?" साहेब म्हणाले, "ने की, पण तो वापरलेला आहे, त्याचं काय करणार?" हिराने फुगा रुमालात ठेवला, रुमालाची घडी घातली आणि म्हणाली, "आईला दावायचाय. तिला सांगितलं व्हतं, माझ्या हातचा अडकतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शैलाताई, सोमवारी येते मी. मावशीला सांग, आमटी जास्त कर."